भागीचा भोंगा

आधीच सांगते, हे वाचून कुणी मला 'ताई, पितरांना पान ठेवा' असं कळवणार असेल तर कृपा करून कळवू नका. आमचं घर बौद्ध. छप्पन्नच्या दीक्षेनंतर बाबांनी देव्हारा काढला आणि त्याबरोबर भूत, पितर, नवस, अंगात येणं हे शब्दही घराबाहेर काढले. 'मेलेला माणूस काही करत नाही. जे करायचं ते जिवंतपणी करा,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी त्या वाक्यावर वाढले. म्हणून पुढे जे घडलं त्याची मला भीती कधीच वाटली नाही... राग येतो. अजूनही येतो.

आम्ही खालापूर तालुक्यातले, खोपोलीच्या खालच्या अंगाला, पाताळगंगेच्या काठचे. आमच्या नदीला पाणी येतं ते वरच्या वीजघरातून. पाणी सोडायच्या आधी तिथे भोंगा व्हायचा आणि तो वाजवायचं काम बाबांकडे होतं. काठावरच्या पोरांना चालता यायला लागलं की एकच नियम शिकवायचे — भोंगा झाला की हातातलं टाकायचं आणि काठ धरायचा. धुणं वाहून गेलं तर जाऊ दे, मागे वळून बघायचं नाही.

बाकीचे लोक दोन लांब भोंगे द्यायचे. बाबा दोन लांब देऊन, जरा थांबून, तिसरा आखूड द्यायचे. तो भागीसाठी. भागी म्हणजे वाडीवरची कातकरीण, नदीत मासे धरायची आणि कानानं अधू. पहिल्या दोन भोंग्यांना ती नुसती मान वर करायची, तिसऱ्याला बाहेर यायची. बाबा वारल्यावर नवीन माणसानं तो तिसरा बंद केला. नियमात बसत नाही म्हणे! मग भागीला तिची नातवंडं हाताला धरून ओढून काढायला लागली.

ऐंशी-एक्याऐंशीचा हिवाळा असेल. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी खोपोलीच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते, धाकटा भाऊ अशोक तिथेच फिटर. तिथल्या सामंत नावाच्या इंजिनिअरना कयाकचं वेड होतं. कयाक म्हणजे लांबट, अरुंद होडी. पाय पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. त्यांनी दोघंदोघं बसतील अशा दोन होड्या आणल्या होत्या. वीजघराचं पाणी येऊन स्थिरावलं की आमच्याच नदीत ते आम्हाला शिकवायचे. मग त्यांनी टूम काढली — मुरूडच्या बाजूला तीन दिवस समुद्रात फिरायचं. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, डॉल्फिन बघायचे, समुद्रगरुडाचं घरटं बघायचं, वाळूवर झोपायचं. आई नकोच म्हणत होती. मी म्हटलं, मी आहे ना अशोकबरोबर.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस फार सुंदर गेले. डॉल्फिन इतक्या जवळ वर आले की त्यांचा श्वास फुस्सकन ऐकू आला. एक कासव आमच्या होडीखालून आरामात निघून गेलं. अशोक तर जेवणसुद्धा विसरला होता.

पण पाण्यात तरंगवणारी जॅकेटं दोनच होती. एक सामंतांच्या अंगात, दुसरं त्यांच्या मुंबईच्या मित्राच्या. अशोकनं विचारलं तर सामंत हसून म्हणाले, "अरे, तुम्ही नदीकाठची माणसं. तुम्हाला कशाला लागतंय जॅकेट?" हे वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नदीच्या डोहात पोहणारा पोरगा समुद्रात पोहतो, हे कुणी सांगितलं यांना?

तिसरा दिवस, रविवार, दुपारची वेळ. किनाऱ्यापासून थोडं आत खडकाचं एक बेट होतं, वर गरुडाचं घरटं. बेट आणि शेजारचे खडक यांच्यामध्ये होडी जाईल एवढीच वाट. सामंत आणि त्यांचा मित्र त्या वाटेनं आत गेले आणि आतून सामंतांनी एक लांब शिट्टी मारली. एक लांब म्हणजे मागोमाग या. आम्ही वाटेच्या तोंडाशी पोचलो...

आणि भोंगा झाला.

दोन लांब. मग जरा थांबला. मग एक आखूड.

आवाज मागून आला, डोंगराच्या बाजूनं. अशोकनं तिथल्या तिथे होडी फिरवली. माझेही हात त्याच्याबरोबर चालायला लागले. विचार असा केलाच नाही, सवयच ती. सामंत मागून ओरडत होते, "कुठे चाललात, मूर्खांनो?" आम्ही वळून बघितलं नाही. मग मागे काहीतरी जोरात फुटल्याचा आवाज आला. वाळूला लागलो तेव्हाच मी बघितलं. कुठून तरी एक मोठी लाट त्या वाटेत घुसली होती आणि सामंतांच्या कयाकचे दोन तुकडे झाले होते. ते दोघं जॅकेटवर तरंगत होते, कोळ्यांनी त्यांना ओढून काढलं. आमच्या अंगावर काय होतं? मळके शर्ट.

अशोक वाळूवर बसून म्हणाला, "ताई, बाबांचा होता ना गं?"

"गप बस," मी खेकसले. "बाबा नाहीत."

सामंतांनी दवाखान्यात कबूल केलं, भोंगा त्यांनीही ऐकला. "जहाज असेल एखादं." समुद्र नजर पोचेल तिथपर्यंत मोकळा होता, जहाज काय खिशात घालून नेलं कुणी? आणि कारखान्यात येऊन हाच माणूस सांगतो की, मी शिट्टी मारून पोरांना परत वळवलं म्हणून वाचली! आयत्या बिळावर नागोबा. मी सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, शिट्टी मारून तुम्ही आत बोलावत होतात की बाहेर?"

इकडे शेजारच्या काकू आईला सांगून गेल्या, वडीलच धावून आले, एक कोंबडा तरी द्या. ज्या माणसानं जन्मभर या गोष्टींना विरोध केला त्याच्याच नावानं कोंबडा! मी ठरवून टाकलं, जहाज तर जहाज.

त्याच आठवड्यात भागी मासे घेऊन दारात आली. आल्या आल्या माझ्यावरच भडकली.

"पोरी, त्या नव्या मानसाला सांग गं. तिसरा भोंगा देतोस तर पानी बी सोड म्हनावं. आयतवारी दुपारी मी जालं टाकून भायेर आले, बसून ऱ्हायले. पानी आलंच नाय."

"भागी, रविवारी वीजघर बंद असतं."

"मला म्हाईत हाय. पन वाजला ना. दोन मोठं, एक बारकं. तुज्या बापासारका."

तिच्याबरोबर नदीत वाडीवरच्या आणखी बायका होत्या, चांगल्या कानांच्या. मी जाऊन विचारलं. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. ही म्हातारी एकटीच का पळाली म्हणून त्या हसत होत्या. वीजघरातही गेले. नवीन माणूस म्हणाला, "बाई, रविवारी भोंग्याच्या खोलीला कुलूप असतं." खोपोली कुठे, मुरूड कुठे... मध्ये डोंगर किती!

बाबा म्हणायचे, कारण सापडत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावं, देव म्हणू नये. म्हणून लिहिते, माहीत नाही. सामंतांवरचा राग ते निवृत्त झाले तसा कमी झाला. काकूंवरचा तर केव्हाच गेला. राहिलाय तो एकट्या बाबांवरचा.

बाबा, तो भोंगा तुमचा नसेल तर प्रश्नच मिटला. पण तुमचा असेल, तर 'मेलेला माणूस काही करत नाही' हे मला कशाला शिकवलंत? तुम्ही गेल्यापासून त्या रविवारपर्यंत, दोन वर्षं, मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. ऐकायला कुणी नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत.