सगुणाच्या लेकीचं माहेर

सगुणाबाई माझ्याकडे राहायला आली तेव्हा आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही. माझ्या कमरेचं हाड मोडलेलं, वॉकरशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि मुलाने, रविराजने, बंगळूरहून फर्मान सोडलं, "आई, चोवीस तासांची मावशी ठेवलीय." ठेवलीय! मला विचारलंस का, मेल्या? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्ख्या नाशिकचे फोन जोडण्यात माझी नोकरी गेली, आणि आता इंदिरानगरातल्या माझ्याच फ्लॅटमध्ये माझ्यावर पहारा!

पण सगुणा वस्ताद निघाली. मी ताट सरकवलं की म्हणायची, "नका जेवू. मी बी नाय जेवत. दोघी बसू उपाशी." आणि खरंच बसायची हो. शेवटी तिची दया येऊन मीच घास घ्यायची.

तिची कहाणी तिने आपणहून सांगितली नाही, मी उकरून काढली. ती दिंडोरीकडची. नवरा लवकर गेला, दिराने घर बळकावलं. लेक निकिताला मामाकडे ठेवून ही नाशकात म्हाताऱ्या माणसांच्या सोबतीला राहू लागली. एका घरातलं माणूस गेलं की दहावा व्हायच्या आत पिशवी उचलायची आणि दुसऱ्या घरी जायचं. किती जणांच्या तोंडात हिने शेवटचं पाणी घातलं असेल! स्वतःची खोली मात्र कधी घेतलीच नाही. रात्रंदिवस राहायचं दुसऱ्याच्या घरी, मग भाडं कशाला भरायचं?

पुढे निकिताला दिवस गेले. तिला पिंपळगाव बसवंतला दिलेली, जावई द्राक्षांच्या टेंपोवर. सातव्या महिन्यात ओटीभरण झालं आणि तिची सासू, साळूबाई, फोनवर विचारू लागली, "विहीणबाई, पोरीला न्यायला कधी येता? पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ना?" तिचं काही चुकलं नव्हतं, रीतच आहे. पण मामा तोवर वारला होता आणि मामीने हात वर केले होते. सगुणा "येते, येते" म्हणायची आणि फोन ठेवून घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची. लेकीला न्यायचं कुठे, याच काळजीने ती पार खंगली.

मला ते बघवेना. "तोंड पाडून काय बसलीस? आण की पोरीला इथं."

"कामाच्या घरी? लोक काय म्हणतील, आजी?"

"घर माझं आहे. लोकांचं मी बघते."

रविराजने फोनवर आकाशपाताळ एक केलं. ती बाळंतिणीचं करणार की तुझं, म्हणाला. मी म्हटलं, "दोघींचं करेल. तुला जमत नाही म्हणून तिला जमणार नाही असं थोडंच आहे?"

निकिता आली. सगुणा भाकरतुकडा ओवाळायला गेली, तर ही बया उंबऱ्याबाहेर, लेकीच्या शेजारी जाऊन उभी! मी आतून ओरडले, "अगं, आत ये! ओवाळणारी घरातली असते." ती आत आली. मग आतून तिने भाकरतुकडा ओवाळला.

मुलगी झाली. मग घरभर शेपा-ओव्याच्या धुरीचा वास आणि डिंकाचे लाडू. सगुणा आधी बाळाला तेल लावून न्हाऊ घालायची, उरलेलं तेल माझ्या गुडघ्यांना चोळायची. "दोघी बी सारख्याच रडता," म्हणायची. निकिता बाळाला माझ्या मांडीवर देऊन खुशाल झोपायची. खरं सांगते, या वयात इतकं सुख वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

सव्वा महिना झाला आणि साळूबाई न्यायला आली. सगुणाने लेकीला साडी नेसवली, ओटी भरली, सगळं यथासांग केलं. निकिता माझ्या पाया पडली, मग आईच्या. आता आईने म्हणायचं, लवकर परत ये. लेक वाट बघत उभी, आणि सगुणा आपली बाळाची कुंची सारखी करतेय.

माझा पारा चढला. "अगं, परत ये म्हण की पोरीला! जीभ झडली का तुझी?"

तिने वर पाहिलं. चिडली नव्हती. हळूच म्हणाली, "कुठं ये म्हणू, आजी?"

मी चौऱ्याऐंशीची. माझ्यामागे दाराची किल्ली रविराजकडे जाणार आणि सगुणाची पिशवी पुन्हा बाहेर पडणार. पोरीला माहेर दिलं म्हणून इतके महिने मिरवत होते मी. ते आहे ते मी जिवंत आहे तोवरच, हे सगुणाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

वॉकर धरून उठले आणि निकिताचा हात घट्ट धरला.

"येते, आजी," ती म्हणाली. "दिवाळीला येते."

"दिवाळीची वाट नको बघूस गं," मी म्हटलं. "लवकर ये."