हातचं राखून

शिकवणाऱ्याने सगळं शिकवू नये, हे मला अमेरिकेने शिकवलं. आधीच्या नोकरीत मी तीन महिने पुण्यातल्या एका जणाला रोज स्क्रीनवर माझं काम समजावून सांगितलं. आमच्या धंद्यात त्याला केटी म्हणतात, म्हणजे आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या डोक्यात उतरवायचं. मी मनापासून उतरवलं. चौथ्या महिन्यात त्याला माझं काम मिळालं आणि मला साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर देश सोडा. नोकरी सापडली, इथेच शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये, पण तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी पक्कं धरून बसलो. ऑफिसात ते खपून गेलं. चर्चमध्येही मी तेच केलं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

आमची मराठी ख्रिस्ती मंडळी तीस-पस्तीस कुटुंबांची. एका अमेरिकन चर्चचा हॉल महिन्यातून दोन रविवारी दुपारी आम्हाला मिळतो. पाळक आठवडाभर विमा कंपनीत नोकरी करून रविवारी उपदेश करायचे, आणि आजारी माणसांच्या घरी जायचं काम सात वर्षं मी करत होतो. कुणी नेमलं नव्हतं. कुणाची बायपास, कुणाचं अवघड बाळंतपण, कुणाचे भारतातून आलेले वडील जिन्यावरून पडले, की फोन मला यायचा. ‘तुम्ही आलात की बरं वाटतं’ हे वाक्य ऐकायची मला चटक लागली होती. प्रभूची सेवा वगैरे होतीच, पण चटक ती चटक.

मग पाळकांचीच अँजिओप्लास्टी झाली आणि ते म्हणू लागले की मंडळी दोघा-तिघांच्या जिवावर चालता कामा नये, प्रत्येक विश्वासणाऱ्याने सेवेत हात घातला पाहिजे. बोलणं शंभर टक्के खरं होतं. पण आमच्यातले बहुतेक आयटीतले, त्यामुळे दोन आठवड्यांत त्या विचाराची एक्सेल शीट झाली. एका बाजूला सेवा, दुसऱ्या बाजूला माणसं, आणि प्रत्येकापुढे त्याच्या बॅकअपचं नाव. रुग्णभेटीपुढे माझं नाव होतं आणि बॅकअप म्हणून एका बाईंचं. मूळच्या नागपूरच्या, सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या, दोन मुलींची आई, मला दादा म्हणणाऱ्या. पाळक म्हणाले, ‘‘सहा शनिवार घ्या आणि यांना तयार करा.’’ बॅकअप हा शब्द वाचला आणि मला स्क्रीनवरचा तो पुण्याचा माणूस आठवला. प्रार्थनेचा विषय म्हणून मी हे कुणाला सांगितलं नाही.

शिकवलं मात्र छान. पानभर सूचना लिहून दिल्या. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. स्वतःच्या ऑपरेशनच्या गोष्टी काढू नयेत. ऐकलेलं बाहेर बोलू नये. चहापाण्याला नम्रपणे नाही म्हणावं, घरच्यांना आधीच कामं कमी नसतात. बाई सगळं वहीत उतरवून घेत. माझ्यापेक्षा त्यांना ऐकून घेणं चांगलं जमतं, हे मला दुसऱ्याच शनिवारी कळलं आणि आवडलं नाही.

त्या वेळी मंडळीतल्या एक काकू फार आजारी होत्या. नगरकडच्या. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना इथे आणलं होतं, आणि आता कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता. हॉस्पिटलने घरी पाठवलं होतं. खालच्या खोलीत पलंग, आणि पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन मुलगा. तो घरूनच काम करायचा, आईला क्षणभर एकटं सोडायचा नाही. लोक त्याचं कौतुक करत, आणि ते करण्यासारखंच होतं. पण काकूंना त्याच्यासमोर बोलता येत नव्हतं. त्यावर त्यांनीच युक्ती काढली होती. मी जाऊन बसलो की मुलाला म्हणायच्या, ‘‘अरे, ह्याला चहा टाक. गवती चहा घालून.’’ गवती चहाची कुंडी गॅरेजमध्ये, आणि मुलगा चहा उकळणार चांगला वीस मिनिटं. तेवढ्यात काकू बोलून घ्यायच्या.

बोलणं एकाच गोष्टीचं. मुलाने जवळच्याच दफनभूमीत सगळ्या कुटुंबासाठी जागा घेऊन ठेवली होती आणि तिथल्या हिरव्यागार गवताचे फोटो आईला प्रेमाने दाखवले होते. काकूंना नगरला, नवऱ्याशेजारी जायचं होतं.

‘‘इथल्या मातीत माझं कोण आहे?’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण त्याला सांगितलं तर त्याला वाटेल, एवढं करूनही आईला माझं घर आपलं वाटलं नाही.’’

‘‘मी बोलू का त्याच्याशी?’’

‘‘नको, मीच सांगते. तू नुसता माझ्याजवळ बस, म्हणजे माझा धीर सुटायचा नाही.’’

पुढच्या भेटीत सांगायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात ऑफिसने मला दोन आठवड्यांसाठी व्हर्जिनियात हर्नडनला क्लायंटकडे पाठवलं.

जाण्याआधी मी बाईंना सगळं समजावून सांगितलं. औषधांच्या वेळा, काकूंचं आवडतं गीत, कोणत्या कानाने कमी ऐकू येतं ते. चहाचं सांगितलं नाही. नगरचं तर नाहीच. ऐकलेलं बाहेर बोलू नये, अशी मी माझी समजूत घातली. नियम मीच लिहिलेला. पण बाई कुठे बाहेरच्या होत्या? त्या माझ्या जागी चालल्या होत्या. आणि मुलाला थोडा वेळ खोलीबाहेर पाठवा, एवढं सांगायला कोणता नियम आड येत होता? खरं सांगायचं तर ते काम मला माझ्यासाठी हवं होतं. आई मुलाशी मन मोकळं करते आहे आणि तिचा हात माझ्या हातात आहे, हे चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं. ते शीटमधल्या बॅकअपच्या वाट्याला जावं, हे मला सोसणार नव्हतं.

बाई तीनदा जाऊन आल्या. तिसऱ्या भेटीनंतर त्यांचा फोन आला तेव्हा मी क्लायंटच्या कॅफेटेरियात जेवत होतो.

‘‘दादा, काकू खूप वीक झाल्यात. मी गेले की सारखं त्याला म्हणतात, हिला चहा टाक. मी नको म्हणते, तुमच्या सूचनांमध्ये आहे ना तसं. मग तो परत लॅपटॉप घेऊन बसतो आणि काकू भिंतीकडे तोंड फिरवतात. आज तर रडल्या. माझं काही मिस होतंय का? तुम्हाला काही माहीत आहे का?’’

टेस्टिंगवाली बाई. चूक नेमकी कुठे आहे ते तिने शोधून काढलं होतं, फक्त तिला ते ठाऊक नव्हतं.

‘‘काही नाही हो,’’ मी म्हणालो. ‘‘या आजारात होतं असं. शुक्रवारी मी येतोच आहे, मग बघतो.’’

‘‘नक्की ना?’’

‘‘नक्की.’’ आणि मी उरलेलं जेवण संपवलं.

काकू गुरुवारी दुपारी गेल्या.

शनिवारी त्यांना त्या हिरव्या गवतात माती दिली. नंतर हॉलमध्ये जेवणाच्या वेळी पाळकांनी बाईंना पुढे बोलावलं आणि सगळ्यांना सांगितलं, ‘‘बघा, एक भाऊ बाहेरगावी गेला तरी सेवा थांबली नाही. तयारी म्हणतात ती ही.’’ लोकांनी माना डोलावल्या. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी आजवर मला काही विचारलेलं नाही. त्या दिवसापासून मला दादा म्हणणंही सोडलं आहे.

मग काकूंचा मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला.

‘‘आई तुझ्याशी मोकळेपणाने बोलायची,’’ तो म्हणाला. ‘‘शेवटी शेवटी तिला काहीतरी सांगायचं होतं असं मला सारखं वाटायचं. माझ्याकडे बघायची आणि गप्प व्हायची. तुला काही बोलली होती का?’’

खरं सांगितलं असतं तर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, तुला कधीपासून माहीत होतं? आता काय उपयोग, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला, हे सगळं मला नंतर सुचलं. आधी दिसला तो हा प्रश्न.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘तुझ्या घरी त्या सुखात होत्या.’’

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, भर हॉलमध्ये. ‘‘थँक्स,’’ म्हणाला. ‘‘आता माझ्या मनाला टोचणी नाही.’’

महिन्यातून एकदा तो फुलं घेऊन कबरेवर जातो. एकट्याला जाववत नाही म्हणून मला बरोबर नेतो. फुलं ठेवून झाली की विचारतो, आईला इथे आवडलं असेल ना रे, आणि मी हो म्हणतो.