आभाळातली खोटी वर्दी

माझी नात घरात बसून आभाळाची राखण करते, असं मी शेजारणींना सांगायची तर त्या हसायच्या. पण काम तसलंच होतं बघा. फार लांब कुठं एखादा तारा फुटतो, त्याच्या गॅमा किरणांचा झोत येतो आणि वर फिरणारा उपग्रह तो टिपतो. टिपला की सांगलीजवळच्या आमच्या गावात नातीचा फोन वाजायचा.

"मग लगेच जगाला सांगायचं व्हय?" मी विचारलं होतं.

"आजी, तसं केलं तर माझी शोभा होईल. बहुतेक वर्द्या खोट्याच असतात."

सूर्य भडकला तरी उपग्रह फसतो. ब्राझीलच्या बाजूला वर कणांचा एक पट्टा आहे, त्यातून जाताना फसतो. खालच्या ढगात वीज कडाडली तरी फसतो. ते एकेक बाजूला काढायचं, दुसऱ्या उपग्रहालाही दिसलं का बघायचं आणि मगच मोठ्या दुर्बिणी तिकडं वळवायला सांगायचं. तेही झटपट, कारण मागं राहिलेला उजेड विझत जातो.

विजेचं नाव मला सोसत नाही. साताऱ्याकडं माझ्या माहेरी धाकटी बहीण शेळ्या आणायला गेली, ती वीज पडून लिंबाखालीच राहिली. तेव्हापासून गडगडलं की वीज लोखंडावर जावी म्हणून मी कोयता अंगणात फेकते, बटणं बंद करते आणि कोपरा धरते.

गेल्या परतीच्या पावसात भरदुपारी अंधारून आलं. नातीचा फोन वाजला, ती लॅपटॉपवर वाकली, आणि कडाड् झालं. लाईट गेली, नेट गेलं. पोर फोन घेऊन जिन्याकडं पळाली.

"अगं ए, इजा पडत्यात!"

"रेंज गच्चीतच मिळती, आजी! आलेच!"

कोपरा सोडवत नव्हता, पण सोडला. भिंतीला धरून वर गेले तर ही पाण्याच्या टाकीजवळ भिजत उभी, ओढणी फोनवर धरलेली. शहरातल्या मोठ्या सरांशी बोलत होती. "सर, सूर्य शांत आहे. उपग्रह पट्ट्यापासून लांब होता. ढगातली वीजही नाही, ती एवढा वेळ टिकत नाही. दुसऱ्या उपग्रहाचं बघतेय, उघडत नाहीये..."

तिच्या मागं द्राक्षबागेवर वीज उतरली. मला बहिणीचे पाय दिसले, लिंबाखालचे.

सरांना ती डोक्यावरच्या विजेचं सांगत नव्हती. का, ते मला ठाऊक होतं. गावात लाईटीची बोंब आहे असं कळलं तर तिला शहरात बोलावलं असतं, आणि ती राहिली होती ती मी एकटी म्हणून. सगळं ठाऊक असून मी फोन हिसकावला.

"अवं सायब, हितं पोरीच्या डोक्यावर इजा कडाडत्यात! तुमचा तारा मेलाय न्हवं? त्यो काय परत मरत न्हाई. माझी पोर जित्ती हाय अजून!"

पलीकडून सर म्हणाले, "आजी, तिला आधी खाली न्या. पुढचं मी बघतो."

खाली मी तिचं डोकं पुसत होते. तिनं टॉवेल माझ्या हातातून ओढून घेतला. संध्याकाळी लाईट आल्यावर सरांचा निरोप आला. दुसऱ्या कुठल्याच उपग्रहाला काही दिसलं नव्हतं. त्या उपग्रहावरच्या यंत्राचा एकच तुकडा उगीच खडखडला होता.

"खोटी निघाली," ती म्हणाली.

"मग बरंच झालं की गं."

"बरं काय, आजी? खोटी हाय हे शोधणंच तर माझं काम होतं."

दिवाळी झाल्यावर तिला शहरात हजर व्हायला सांगितलं. कुणी रागावलं नाही. तिथं जनरेटर आहे, एवढंच सर म्हणाले. मी तिची बॅग भरली. चूक झाली असं मला अजून वाटत नाही, पण घर फार मोठं झालंय.

आता गडगडलं की मी कोपऱ्यात बसून तिला फोन लावते. ती उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. हॅलोसुद्धा म्हणत नाही, आधी सांगते, "आजी, मी छताखाली हाय."