मी शिवलेलं हृदय

कॉफी निवायच्या आत ऐकून घ्या. गाढवपणा मी जन्मभर पुष्कळ केला, पण भर मांडवात, होणाऱ्या सासऱ्यासमोर, माणसाचं हृदय शिवून बंद पाडायचा प्रताप एकदाच केला.

साठ सालाच्या अलीकडची गोष्ट. आमचं शिंप्याचं दुकान चिकपेटेत. खापरपणजोबांपासून आम्ही बंगळूरचे. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. मला यशवंतपूरच्या केशवरावांच्या सरोजाचं स्थळ आलं होतं. मुलगी मला मनापासून आवडली होती, आता लाजायचं काय त्यात? पण केशवराव रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. त्यांनी मध्यस्थाला, म्हणजे आमच्या समाजाच्या डॉक्टरअण्णांना, साफ सांगितलं, "मुलगा चांगला आहे हो. पण झंपरच शिवतो ना? डोकं आहे का नाही, ते कसं कळायचं?"

डॉक्टरअण्णा तडक दुकानात आले. "रंगा, रामनवमीच्या मांडवात कीर्तनाआधी माझं व्याख्यान आहे. हृदय कसं चालतं, यावर. मी मेणकापड कापून देतो, तू हृदय शिव. त्यात पाणी खेळवून दाखवू. केशवरावांना पुढच्याच रांगेत बसवतो."

"सरी, अण्णा," मी कन्नडात होकार दिला.

मग त्यांनी कापडाचे तुकडे पसरून मला समजावलं. वर दोन खोल्या, खाली दोन. वरच्या खोलीतलं रक्त खालच्या खोलीत उतरतं, खालची आवळली की बाहेर पडतं, फिरून परत वर. मध्ये पडदे. ते पुढे उघडतात, मागे उघडत नाहीत. "समजलं?"

मी मान डोलावली. ऐकतोय कोण? माझं सगळं लक्ष त्यांच्या कापण्याकडे. इतकी वाकडी कात्री मी आयुष्यात पाहिली नव्हती.

शिवायला बसलो आणि बघतो तर काय, प्रत्येक पडदा एकाच बाजूने जोडायची खूण. दुसरी बाजू नुसती लोंबती. आता मला सांगा, कुठला शिंपी असं लोंबतं ठेवील? दुकानातून भोक बाहेर जाता कामा नये, हे वडिलांनी मला काजं करायच्या आधी शिकवलेलं. मला डॉक्टरअण्णांची दयाच आली. विसरले बिचारे. मी सगळे पडदे चहूबाजूंनी दुहेरी टीप मारून पक्के केले, शिवणीवरून मेण फिरवलं. आणि त्यांना बोललोसुद्धा नाही. मोठ्या माणसाची चूक आपण कशाला दाखवायची?

रामनवमीला मांडव गच्च भरला. समोर घडवंचीवर माझं हृदय. वर खिळ्याला एनिमाचा डबा, त्यात काठोकाठ कुंकवाचं पाणी. डब्याची नळी हृदयाच्या वरच्या खोलीत नाडीने बांधलेली, खालून दुसरी नळी निघून बादलीत. डब्याच्या बरोबर खाली केशवराव, पांढराशुभ्र कोट, हातात गुळाच्या पानकाचा पेला. सरोजा बायकांच्यात.

"हे रक्त आता खालच्या खोलीत उतरेल," म्हणत डॉक्टरअण्णांनी नळीचा चिमटा काढला.

वरची खोली भरली. फुगली. पुरीसारखी टम्म झाली. बादलीत थेंब नाही.

"स्वल्प थांबा," डॉक्टरअण्णा म्हणाले आणि त्यांनी हलकेच दाबलं. काही नाही.

मागून कुणीतरी विचारलं, "अण्णा, दगावला का पेशंट?"

मी मात्र छाती काढून उभा. एवढं पाणी कोंडलंय आणि शिवणीतून थेंब गळत नाही, ही काय साधी गोष्ट आहे? न राहवून मी केशवरावांना म्हणालो, "मामा, टीप बघा, टीप."

केशवराव टीप बघायला पुढे वाकले. त्याच क्षणी डॉक्टरअण्णांनी दोन्ही हातांनी जोर लावला.

पाणी जाणार कुठे? पुढची वाट मी बंद केलेली. ते आल्या वाटेने उलटं उसळलं, डब्याचं झाकण उडालं, आणि केशवराव टोपीपासून धोतरापर्यंत लालभडक. "अय्यो देवा, रक्त," म्हणून एक आजी ओरडल्या. दोन स्वयंसेवक खाट घेऊन धावले.

डॉक्टरअण्णांनी नाडी सोडून आत बोटं घातली, मग माझ्याकडे बघितलं. "रंगा, हे पडदे कुणी शिवले?"

"मीच, अण्णा. तुमचे मोकळे राहिले होते ना."

"अरे शहाण्या, ती दारं होती."

लग्न मोडलं, हे मला कळून चुकलं.

तेवढ्यात सरोजा उठली. हारवाल्याची कात्री घेतली, हृदयात हात घातला आणि उसवायला लागली. "टीप फार पक्की आहे हो," ती म्हणाली. माझ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

तिने सगळे पडदे मोकळे केले, डबा पुन्हा भरला. डॉक्टरअण्णांनी खालची खोली दाबली की पाणी बादलीत जायचं, सोडली की वरून नवं उतरायचं. मांडवाने टाळ्या वाजवल्या.

केशवराव मिशीतलं कुंकू पुसत म्हणाले, "डोकं नाही, ते कळलं. पण माझी पोर उसवायला समर्थ आहे. सरी. कोट मात्र मला नवा लागेल."

असं आमचं लग्न झालं. आता पिकलं पान मी. गेल्या महिन्यात धाप लागते म्हणून एका तरुण डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, "आजोबा, एक झडप घट्ट झालीय. नीट उघडत नाही."

माझ्याआधी सरोजाच बोलली. "उघडेल कशी, डॉक्टर? यांनी आतूनही टीप मारून ठेवली असणार."