शुद्ध पक्ष माझा, वद्य पक्ष त्यांचा

"नाही म्हणा, पण बघून म्हणा."

दुकानाच्या पायरीवर पाय ठेवता ठेवताच ते हे म्हणायचे. मग पिशवीतून घडी घातलेला रुमाल काढायचे, तो तळहातावर उलगडायचे आणि दुकानदाराच्या नाकासमोर धरायचे. रुमालात काचेचा एक तुकडा. त्यावर कुठल्याशा शहराचं अर्धं नाव. बाकीचं अर्धं फुटून गेलेलं.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची ती डायलची काच. जिच्यामागे दिवा लागतो आणि काटा सरकतो, ती. त्यांना तशीच अख्खी काच हवी होती.

आमची ओळख उल्हासनगरात झाली. तिथे एका गल्लीत जुन्या रेडिओंचं दुकान आहे. दुकान कसलं, ढिगारा म्हणा. त्यात मधोमध दुकानदार बसलेला असतो. मीही तिथे दर शनिवारी जायचे. माझ्या रेडिओची पेटी आणि काच अगदी लग्नात होती तशी, पण आतल्या कॉइल उंदरांनी कुरतडलेल्या. दुकानदार आम्हाला गावाच्या नावानेच ओळखायचा. मी अंबरनाथ, ते बदलापूर. "अंबरनाथ आ गई, बदलापूर अभी आया नहीं," असं मला बघून म्हणायचा. एखाद्या स्टेशनमास्तरासारखा.

या रेडिओसाठी मी लग्नात हट्ट धरला होता. त्या वयात मी स्वतःला काय समजायचे, ते आठवलं की आता पदर तोंडाला लावावासा वाटतो. डायलवरची शहरं पाठ करून हळदीकुंकवाला जाऊन बसायचे आणि बोलता बोलता कैरो, ताश्कंद अशी सहज पेरायचे, जणू परवाच जाऊन आले. प्रत्यक्षात कल्याणच्या पलीकडे एकटी गेले नव्हते. आणि रेडिओ तासभर चालला की वरून छान तापायचा, म्हणून ही जगप्रवासी बाई त्यावर पापड वाळत घालायची.

बदलापूरच्या गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "उडदाचे की पोह्याचे?"

असे होते ते. कुठल्याही गोष्टीत त्यांना पुढचा प्रश्न पडायचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. खिडकीशी आलेल्या माणसाला काय हवंय ते ऐकायचं आणि 'नाही' म्हणायचं, हीच आपली नोकरी होती, असं स्वतःच सांगायचे. "वहिनी, अर्ध्या वेळा वस्तू मागे असायची. उठायचा कंटाळा." आता बाकीची दुकानं आपल्यावर सूड उगवतायत, असं त्यांचं म्हणणं.

विठ्ठलवाडीला एकाने जुने सेट काढलेत असं कळलं, की आम्ही दोघं रिक्षाने तिकडे. बुवापाड्यात कोणाच्या माळ्यावर एक पडलाय, की तिकडे. लोक आम्हाला विचारायचे, आता यावर लागणार काय? सगळं तर मोबाइलवर येतं. ते म्हणायचे, "लागेल ते ऐकू." आणि लगेच त्या माणसाला विचारायचे की तुमच्या घरी कोण ऐकायचं, कुठे बसून ऐकायचं, बॅटरीवर की विजेवर. वस्तू मिळायची नाही, पण चहा हमखास मिळायचा.

आता एक लबाडी सांगते. त्यांचा तो काचेचा तुकडा मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. तोच पिवळसर रंग, तीच अक्षरं. घरी येऊन चष्मा लावून खात्री केली. त्यांचा रेडिओ आणि माझा रेडिओ, सख्खे भाऊ. त्यांच्याकडे वाळवीने पेटी खाल्लेली, काच फुटलेली, पण आतलं सगळं शाबूत. माझ्याकडे नेमकं उलटं. मी गप्प बसले. बोलले असते तर काच मागितली असती.

आणि तेही गप्प होते. मी दुकानदाराला मोबाइलवर माझ्या रेडिओचा फोटो दाखवत होते, तेव्हा यांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि एकदम समोरच्या पंख्याची चौकशी सुरू केली. तेव्हाच मी समजले. त्यानंतरही हे गृहस्थ माझ्यासाठी दारोदार कॉइल मागत होते आणि मी त्यांच्यासाठी काच. दोघंही मनापासून. सांगा, असं कोणी पाहिलंय?

शेवटी दुकानदारच कंटाळला. एका शनिवारी त्याने आम्हाला दोन स्टुलांवर बसवलं. "अम्मा, अंकल, दोनों का मॉडेल एकच है. ये माल अब कहीं नहीं मिलेगा. दो मुर्दों में से एक जिंदा होगा. किसके घर जाएगा, फैसला कर लो."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग ते म्हणाले, "वहिनी, पंधरा दिवस तुमच्याकडे, पंधरा दिवस माझ्याकडे. शुद्ध पक्ष तुम्ही घ्या. वद्य मला द्या."

मी म्हटलं, "अंधार का मागून घेता?"

"अंधारात डायल जास्त छान दिसतो."

त्यांचं आतलं माझ्या पेटीत बसलं. पौर्णिमा झाली की ते रिक्षाने यायचे, रेडिओ चादरीत गुंडाळून मांडीवर घ्यायचे. अमावस्या झाली की मी बदलापूरला जाऊन घेऊन यायचे. एखाददुसरं केंद्र लागायचं, बाकी सगळी खरखर. तेवढ्यासाठी माझ्या मुलाने आम्हा दोघांना काय काय नावं ठेवली, ती लिहीत नाही. त्यांची बायको तर मी गेले की नुसतं पाणी पुढे करायची आणि आत जायची. "तिच्या मते मी भंगारात भंगार आणलंय," असं ते हळूच सांगायचे.

ते गेले ते शुद्ध पक्षात. झोपेतच. रेडिओ माझ्याकडे होता.

त्यांच्या बायकोला भेटून आले. काय बोलायचं ते बोलून झालं. पण पौर्णिमा जवळ येऊ लागली तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. मुलगा म्हणाला, "आई, आता राहू दे इथेच. तिकडे ऐकणारं कोण आहे?" खरं होतं. मागायला कोणी येणार नव्हतं. मी खुर्चीत बसून त्या रेडिओकडे बघत राहिले आणि मला तो हवा होता, सगळ्या पंधरवड्यांसाठी हवा होता. या वयातही किती हवा होता, ते बघून माझं मलाच आश्चर्य वाटलं.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी चादर काढली.

बदलापूरला त्यांच्या बायकोने दार उघडलं. माझ्या हातातलं गाठोडं पाहून ती बाजूला झाली. टेबल पुसून ठेवलेलं होतं. प्लगपाशी खुर्ची ओढलेली होती.

"म्हटलं, येणार की नाही," ती म्हणाली.

मी रेडिओ ठेवला. वायर लावली. ती खुर्चीत बसली. कुठलं बटण आधी, ते तिला माहीत नव्हतं, मी दाखवलं.

"अमावस्येला तुम्ही येऊ नका," ती म्हणाली. "मी घेऊन येईन."

काचेमागे दिवा लागला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाज येत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, थांबू या.