ओढ्याकाठचं ढेकूळ

आमच्या आत्यांना गव्हात गाव दिसायचं. खोटं नाही सांगत. आत्या म्हणजे ह्यांच्या वडिलांची बहीण. सारा जन्म मराठवाड्यातल्या गावात काढून उतारवयात शहरात, बरकतपुऱ्याला आमच्याकडे राहायला आल्या. दर उन्हाळ्यात गावच्या शेतातले वर्षाचे गहू काचीगुडा स्टेशनवर उतरायचे. गच्चीवर जुनं लुगडं पसरून आम्ही दोघी निवडायला बसायचो. माझं सूप चालायचं आणि त्यांचं तोंड.

करडईचा पांढरा दाणा निघाला की म्हणायच्या, "हा बांधावरचा. गव्हाभोवती करडई पेरायची. काट्यांनी गुरं आत शिरत नाहीत." जवसाचा दाणा दिसला की मात्र हात थांबायचा. "फुलला की निळाशार, सुनबाई! आणि गहू नुसत्या दवावर वाढायचा. वरून पाणी कोण देतंय?" ऐकता ऐकता समोरच्या टाक्या, तारा कुठं विरघळून जायच्या. ते गाव मी लग्नानंतर दोनदाच पाहिलेलं, पण ओंब्यांवरून सरकत जाणारा वारा मला दिसायचा.

काळं ढेकूळ निघालं तर ते टाकायच्या नाहीत. कुस्करून वास घ्यायच्या, "ओढ्याकाठचं," म्हणायच्या आणि उरलेलं कमरेच्या डबीत ठेवायच्या. मग हमखास पेवाची गोष्ट. निजामी राज्याच्या शेवटच्या धामधुमीत गाव पांगलं, तेव्हा त्या एवढ्याशा होत्या. "परत आलो तर घरात वाटीसुद्धा नाही. पण जमिनीतलं पेव उघडलं अन् आत गहू जसाच्या तसा! अशी ऊन वाफ आली, जशी काय जमीन श्वास घ्यायली. साऱ्या गावानं एका चुलीवर घुगऱ्या खाल्ल्या."

पुढं आम्ही ते शेत विकलं. कुकटपल्लीत फ्लॅट घ्यायचा होता. "आत्याला बोलू नकोस, खचेल ती," ह्यांनी मला बजावलं. त्या उन्हाळ्यात ह्यांनी बाजारातून तसलाच बन्सी गहू आणला आणि गावाकडच्या जुन्या पोत्यात भरला. पण बाई, तो मशीनवर साफ केलेला! त्यात ना करडई, ना जवस.

आत्या सूप पुढ्यात घेऊन बसल्या. दाणे सरकवत राहिल्या. तळापर्यंत बोटं फिरवून पाहिली. पाणी आणायच्या निमित्तानं मी उठले. परत येताना जिन्याच्या दारातून बघते तर आत्यांनी डबी उघडली, एक ढेकूळ गव्हात टाकलं आणि वरून हात फिरवला. मी बसल्यावर तेच शोधून काढलं.

"काय बघायलीस? ओढ्याकाठचं हाय. औंदा गहू चांगला झालाय म्हणून सांग त्याला. उगं परेशान दिसतो पोरगा."

मी "हौ" म्हटलं.

त्यानंतर चार उन्हाळे त्या असंच ढेकूळ शोधत राहिल्या. मग त्या गेल्या आणि डबी माझ्याकडे आली. ह्यांना मी कधी काही बोलले नाही.

यंदा कुकटपल्लीच्या बाल्कनीत पाच किलो गहू पसरला होता. काय मनात आलं कोण जाणे, मी डबीतलं ढेकूळ त्यात टाकलं आणि ह्यांना मदतीला बसवलं. ते ह्यांच्याच हाती लागलं.

"अगं, ह्यात माती कुठून आली?"

"ओढ्याकाठची आहे."

ह्यांनी ढेकूळ तळहातावर घेतलं. "आत्याला ठाऊक होतं?"

"पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं."

ह्यांनी ते ढेकूळ जरासं कुस्करून वास घेतला. उरलेलं हळूच सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खाली मान घालून, एकही खडा नसलेला तो गहू संध्याकाळपर्यंत निवडत बसले.