हँडलवरचा गियर

नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूर भागात जुनी पेट्रोल गाडी कुणी जशीच्या तशी ठेवत नसे. ज्याच्या दारात अँबॅसिडर, तो तिच्यात टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेई. मग ती गावभर धडधडत फिरे आणि डिझेल स्वस्त म्हणून मालक खूश असे. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, हे मुळीच पसंत नव्हतं. ते वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते आणि कॉलनीतल्या घरासमोर त्यांची जुनी पांढरी अँबॅसिडर उभी असे. तिच्या दिव्याची काच फुटली तरी दुसऱ्या गाडीची चालायची नाही, जुन्या बाजारात हिंडून तिचीच आणायची. मी त्याला आबांचं सोवळं म्हणायचो.

मी इंदापूरला शाळेत मास्तर होतो. सुट्टीला घरी आलो की आमचा वाद ठरलेला. ज्यांनी गाडी बनवली त्यांना अक्कल होती, असं ते म्हणत. त्यांना पेट्रोल भरावं लागत नव्हतं, असं मी म्हणे.

गाडी जायची मुख्यतः एकाच ठिकाणी, पळसदेवला, आईच्या माहेरी. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरून त्यात बुडालेलं जुनं देऊळ दिसायला लागलं की दर रविवारी. पुढच्या सलग सीटवर दोघंच. मला कधी बोलावलं नाही आणि मलाही जावंसं वाटलं नाही.

आबा निवृत्त झाले आणि पेट्रोलपायी या फेऱ्या महिन्यावर आल्या. रविवार आला की आईचं लक्ष गाडीकडे जाई, ते मला दिसत होतं. म्हणून दोघं पंधरा दिवस पुण्याला आत्याकडे गेले तेव्हा मी गाडी डिझेल इंजिन बसवायला बारामतीच्या एका गॅरेजला टाकली. मेकॅनिक म्हणाला, नवीन इंजिन गियरबॉक्ससकट येणार, म्हणजे स्टिअरिंगलगतचा, हँडलवरचा गियर जाऊन खाली दांडा येईल. मला ती सुधारणाच वाटली.

परत आल्यावर आबांनी बॉनेट उघडून बराच वेळ पाहिलं आणि इंजिन झ्याक बसवलंय म्हणाले. मी फुशारलो. मग ते चालवायला बसले. डावा हात खाली दांड्याकडे नेला, तो पोचेना. सगळं अंग डावीकडे कलतं केलं तेव्हा पोचला, पण तोवर स्टिअरिंग वळलं होतं. कॉलनीच्या मैदानावर त्यांनी दोनदा करून पाहिलं, मग किल्ली माझ्या हातात दिली.

"तूच चालव आता. माझं वय झालं."

वयाचा काही संबंध नव्हता. तरुणपणी बैलगाडीवरून पडून आबांचा डावा कोपर मोडला होता आणि तो वाकडाच बसला होता. हात सरळ होत नसे. हे मला जन्मापासून माहीत होतं, इतकं माहीत होतं की मी ते बघायचंच सोडलं होतं. हँडलवरचा गियर हाताशी होता, म्हणून ते ही एकच गाडी चालवू शकत होते. गाडी मूळची ठेवायची, एवढंच ते सांगत राहिले. हाताचं कधी बोलले नाहीत. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मी गॅरेजला धावलो. जुना गियरबॉक्स इंजिनासकट भंगारात गेला होता. पुढचे दोन रविवार मीच दोघांना पळसदेवला नेलं. आबा माझ्या शेजारी, आई मागं.

तिसऱ्या आठवड्यात मी आबांना गाडीत बसवलं, त्यांच्या डाव्या तळहातापासून दांड्यापर्यंत सुतळीनं माप घेतलं आणि ट्रॅक्टरची अवजारं जोडणाऱ्या वेल्डरकडे गेलो. त्यानं दांड्याला हातभर लांब सळई जोडली आणि वर, स्टिअरिंगकडे वाकवून दिली. ही गाडी हाय का नांगर, असं त्यानं विचारलंही. इतकी कुरूप वस्तू त्या गाडीत कधी बसली नव्हती.

रविवारी आबांनी जोडावरून बोट फिरवलं. वेल्डिंग कच्चं हाय, म्हणाले, पण चालंल. पहिला गियर पडला, दुसरा पडला, अंग जागचं हललं नाही. आई त्यांच्या शेजारी होती, मी मागं. कॉलनीच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवली आणि मागं न बघता म्हणाले,

"तू उतर. आमी जाऊन येतो."

मी उतरलो. आईनं खिडकीतून सांगितलं, भाकरी झाकून ठेवलीय, जेवून घे.